पहिला मराठी ब्लॉग : प्लॅटफॉर्म आणि थीम कशी निवडायची

इंदूरमध्ये मराठीतून लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. होळकरांचा इतिहास आहे, रंगपंचमीची गेर ही रंगांची मिरवणूक आहे, रात्री खाऊगल्ली होणारा सराफा आहे, माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून बदललेली घरची बोली आणि घरचा स्वयंपाक आहे. लिहिणारेही आहेत. पण बरंचसं लिखाण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडतं आणि आठवड्याभरात वर सरकून दिसेनासं होतं. तेच ब्लॉगवर ठेवलं तर शोधणाऱ्याला सापडतं, पुढच्या पिढीलाही वाचता येतं. गाडी अडते ती पहिल्या दोन निर्णयांवर: ब्लॉग कुठे उघडायचा आणि त्याला थीम, म्हणजे पानांचं तयार रूप, कोणती लावायची.

इंदूरच्या मराठी माणसाला यात एक जादा अडचण असते. फोनचा कीबोर्ड, टायपिंगचं दुकान, वेबसाइट बनवून देणारा मुलगा, सगळं हिंदीतलं. लिपी एकच असल्यामुळे फरक चटकन लक्षात येत नाही, आणि मराठी ब्लॉग अर्धा हिंदी दिसायला लागतो. तो कुठे आणि का, हेही ओघाने येईलच.

आधी कागद-पेन

कॉम्प्युटर उघडण्यापूर्वी कागदावर दहा लेखांची शीर्षकं लिहा. नुसते विषय नकोत, शीर्षकं हवीत. ‘इंदूरचे खाद्यपदार्थ’ हा विषय झाला. ‘गराडू कुरकुरीत होण्यासाठी दोनदा का तळतात’ हे शीर्षक झालं. दहा सुचत नसतील तर प्लॅटफॉर्मची घाई करू नका, कारण दोन लेखांनंतर थांबलेला ब्लॉग कोणत्याही प्लॅटफॉर्मवर सारखाच ओस दिसतो.

त्याच कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. प्रत्येक लेखात साधारण किती फोटो असतील? वर्षाला किती खर्च झेपेल, अगदी शून्य असला तरी? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, ब्लॉगची देखभाल कोण करणार? तुम्ही स्वतः की घरातलं कॉलेजात जाणारं कोणी, जे दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला जाईल? प्लॅटफॉर्मची निवड या तिसऱ्या उत्तरावरच ठरवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सोयी-सुविधांचे तक्ते नंतर.

प्लॅटफॉर्म

नवख्या माणसासमोर खऱ्या अर्थाने तीन वाटा आहेत.

पहिली वाट ब्लॉगरची. ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने घेतली आणि आजही फुकट आहे. गूगलचं खातं असलं की दहा मिनिटांत ब्लॉग उभा राहतो. पत्ता ‘तुमचं नाव डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ असा मिळतो. देखभाल जवळजवळ काही नाही. अपडेट करायचे नसतात, होस्टिंगची (ब्लॉग ठेवायच्या भाड्याच्या जागेची) मुदत संपत नाही, हॅक झालेली थीम साफ करत बसावं लागत नाही. उणीव अशी की थीम मोजक्या आहेत आणि नव्या सोयी क्वचितच येतात. शिवाय सगळं एका गूगल खात्याला बांधलेलं असतं. ते खातं बंद पडलं किंवा पासवर्ड हरवला की ब्लॉग हातचा जातो. त्यामुळे खात्याला दुहेरी पडताळणी लावा, बॅकअपचा फोन नंबर द्या, आणि ब्लॉगच्या सेटिंगमध्ये घरातल्या आणखी एका भरवशाच्या व्यक्तीला ॲडमिन करून ठेवा.

दुसरी वर्डप्रेस डॉट कॉमची. इथे फुकट योजना आहे, पण तिच्यात जागा मर्यादित असते आणि तुमच्या लेखांत जाहिराती कंपनीच्या दिसतात, त्यांचे पैसे तुम्हाला मिळत नाहीत. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, लावायचं असेल तर पैशांची योजना घ्यावी लागते. योजनांची नावं आणि दर वरचेवर बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओतले आकडे धरून चालू नका.

तिसरी म्हणजे स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस, ज्याला लोक वर्डप्रेस डॉट ऑर्ग म्हणतात. २००३ पासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे. खर्च डोमेनचा आणि होस्टिंगचा. वर्डप्रेस डॉट कॉम आणि ही वाट, या दोन्हींत नवे लोक हमखास गोंधळतात: पहिल्यात तुम्ही भाडेकरू असता, दुसऱ्यात घरमालक. घरमालकाला सगळं हवं तसं करता येतं, आणि गळतंही त्याचंच. दर महिन्याला थोडा वेळ काढून अपडेट करणं, बॅकअप बघणं, स्पॅम काढणं ज्याला जमणार नाही, त्याने ही वाट धरू नये.

होस्टिंगच्या जाहिरातीत महिन्याचा दर अगदी कमी दिसतो. तो बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो, वर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि नूतनीकरणाचा दर पहिल्या दरापेक्षा बराच जास्त असतो. पैसे भरण्यापूर्वी त्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेला नूतनीकरणाचा दर वाचा आणि कागदावरच्या खर्चाच्या रकान्यात तो लिहा, सवलतीचा नव्हे. एसएसएल सर्टिफिकेटसाठी (साइट सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ने उघडण्यासाठी लागतं ते) वेगळे पैसे मागत असतील तर दुसरीकडे बघा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेमुळे ते फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात.

विक्स, मीडियम, सबस्टॅक अशा आणखीही जागा आहेत. सबस्टॅक ईमेलने लेख पाठवायला चांगलं आहे. पण मीडियम आणि सबस्टॅकवर थीमला फारसा वाव नाही, आणि विक्सवरून सगळं उचलून दुसरीकडे नेणं कष्टाचं होतं.

आमचा सल्ला असा. वयस्कर व्यक्ती एकटीच ब्लॉग चालवणार असेल, किंवा वर्षाचा खर्च शून्य ठेवायचा असेल, तर ब्लॉगर. घरात सांभाळणारं कोणी आहे, पाककृतींचा किंवा इतिहासाचा मोठा संग्रह करायचा आहे आणि खर्च झेपतो, तर स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस. यात शंका असेल तर ब्लॉगरवरच सुरुवात करा. तिथले लेख एका फाइलमध्ये उतरवून वर्डप्रेसमध्ये आणता येतात. उलटा प्रवास अवघड आहे.

डोमेन तुमच्याच नावावर

‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ डोमेन दरवर्षी पैसे भरून टिकवावं लागतं. देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं, दिसायला छान आहे. पण ते अनेक ठिकाणी चिकटवल्यावर न समजणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतं आणि त्याच्यावरचा ईमेल पत्ता सगळीकडे चालत नाही. मुख्य पत्ता रोमन लिपीतला, छोटा आणि फोनवर बोलून सांगता येईल असा घ्या.

डोमेन दुसऱ्या कोणी घेऊन दिलं तरी खातं तुमच्या ईमेलवर आणि ओटीपी तुमच्या फोनवर आला पाहिजे. वेबसाइट बनवणाऱ्याच्या खात्यात घेतलेलं डोमेन कागदोपत्री त्याचंच राहतं. तो शहर सोडून गेला किंवा फोन उचलेनासा झाला की वर्षाअखेरीस डोमेन संपतं आणि तुम्हाला सूचनाही येत नाही.

ब्लॉगरला स्वतःचं डोमेन जोडायचं असेल तर सेटिंगमध्ये पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सकट टाका. ब्लॉगर दोन ‘सीनेम’ नोंदी (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणाऱ्या ओळी) दाखवतो. त्या, डोमेन घेतलं तिथल्या खात्यात, डीएनएसच्या पानावर जशाच्या तशा भरायच्या. बदल पसरायला काही तास, कधी एक दिवस लागतो. त्या काळात ‘साइट सापडत नाही’ असं दिसलं तर घाबरून नोंदी पुन्हा पुन्हा बदलू नका, वाट बघा. नंतर एचटीटीपीएसचे दोन्ही खटके चालू करा.

पहिल्या लेखाआधी करायची सेटिंग

भाषा सगळ्यांत आधी. होस्टिंगवरून एका क्लिकवर वर्डप्रेस बसवताना भाषेचा रकाना येतो आणि आपल्याकडे तिथे सवयीने हिंदी निवडली जाते. मग तुमच्या मराठी लेखावर ‘जनवरी’ अशी तारीख येते. वर्डप्रेसमध्ये सेटिंग, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडा. ब्लॉगरमध्ये सेटिंगच्या अगदी वरच्या भागात ब्लॉगची भाषा आहे. दोन्हीकडे सेटिंगमध्येच वेळेचा पट्टा (टाइम झोन) कोलकाता करा, नाहीतर सकाळी टाकलेल्या लेखावर आदल्या दिवसाची तारीख पडू शकते.

भाषेचा परिणाम अक्षरांवरही होतो. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा लिहायची रीत आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तीच रूपं धरली. काही चांगल्या फाँटांत दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा मराठी असली तरच मराठी वळण दिसतं. भाषा हिंदी राहिली तर फाँट तोच, पण ‘ल’ आणि ‘श’ हिंदीचे.

मग लेखाचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक. इथे मराठी ब्लॉगचं सर्वाधिक नुकसान होतं, म्हणून थोडं सविस्तर.

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि तो साठवायला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ चिन्हं खातं. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हेही प्रत्येकी नऊ. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं बसतात. ‘सराफ्यातला भुट्ट्याचा कीस घरी कसा करायचा’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘सराफ्यातला-भुट्ट्याचा-की’ इथेच तुटतो. तोच व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या आणि आकड्यांच्या तीन-चार ओळी होतात, आणि काकूंना तो व्हायरसचा मेसेज वाटून त्या उघडत नाहीत.

ब्लॉगरचं वेगळं. त्याला देवनागरी शीर्षकातून पत्ता बनवताच येत नाही, म्हणून तो नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा एवढंच लिहितो. पन्नास लेखांचे पन्नास पत्ते सारखेच दिसतात.

उपाय दोन्हीकडे एकच. वर्डप्रेसमध्ये सेटिंग, पर्मालिंक्स इथे ‘पोस्ट नेम’ निवडा. मग प्रत्येक लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी उजवीकडच्या पर्मालिंकच्या रकान्यात रोमन अक्षरांत तीन-चार शब्द, मध्ये आडवी रेघ देऊन, हाताने लिहा. भुट्ट्याच्या लेखाला ‘सराफा-भुट्टा-कीस’ एवढं रोमनमध्ये पुरे. ब्लॉगरमध्ये लेख प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलायचा तर तो आधी मसुद्यात परत न्यावा लागतो, आणि तोवर पाठवलेल्या लिंका मरतात.

थीम: डेमो बघू नका, मराठी परिच्छेद चिकटवा

थीमच्या दुकानात दिसणारं सगळं इंग्रजी मजकुरावर बेतलेलं असतं. तिथे सुंदर दिसलेली थीम मराठी शीर्षक टाकताच विस्कटते. म्हणून कोणतीही थीम पसंत करण्याआधी हा परिच्छेद एका कच्च्या लेखात चिकटवा आणि फोनवर बघा:

‘आषाढातल्या पावसात विठ्ठलमंदिराच्या पायऱ्यांवर उभी असलेली आजी ॲल्युमिनियमच्या डब्यातून गूळ-शेंगदाण्याचे लाडू वाटत होती. “ऑफिसला उशीर झाला, कृपया लवकर द्या,” असं म्हणणाऱ्या मुलाला तिने दोन जास्त दिले. तुळशीची माळ, ज्ञानेश्वरीची पोथी आणि १२३४५६७८९० असा क्रमांक लिहिलेली पिशवी तिच्याजवळ होती.’

यातले शब्द मुद्दाम निवडले आहेत. ‘पायऱ्यांवर’ आणि ‘म्हणणाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ बघा; तिथे ठिपक्यांचं वर्तुळ आलं किंवा य-वर साधा रफार चढला तर फाँट कच्चा आहे. ‘ॲल्युमिनियम’च्या जागी चौकट दिसली तर फाँट जुना आहे. ‘विठ्ठल’मधला ठ्ठ पाय मोडून आडवा लिहिला जातो की एकाखाली एक, ते आवडीचं, पण तो वाचता आला पाहिजे. ‘उशीर’मधली वेलांटी आणि ‘कृपया’तला ऋकार वरच्या-खालच्या ओळीला चिकटत असतील तर ओळींमधलं अंतर कमी आहे. इंग्रजी थीम हे अंतर साधारण दीडपट ठेवते, देवनागरीला १.७ ते १.८ पट लागतं, आणि अक्षर १८ पिक्सेलच्या खाली नको. वाचणाऱ्यांत साठी उलटलेले बरेच असतील तर २० करा.

आता शीर्षकाकडे बघा. शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली दिसते का? तसं असेल तर थीमने ‘लेटर स्पेसिंग’, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, लावलं आहे. रोमन अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून ते वापरतात, देवनागरीत मात्र शब्दाची रेघच फुटते. ते शून्य करा. बदलायची सोय थीममध्ये नसेल तर थीमच सोडा. पहिलं अक्षर भलंमोठं करणारा ड्रॉप कॅपही बंद ठेवा, त्यात मात्रा आणि जोडाक्षरं वेगळी पडण्याची भीती असते. अवतरणं तिरकी होत असतील तर सरळ करा; बहुतेक देवनागरी फाँटांत खरी तिरकी अक्षरं नसतात, ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकवतो. मजकूर दोन्ही बाजूंनी समान करू नका. मराठीचे लांबलचक शब्द फोनच्या अरुंद पडद्यावर मावत नाहीत आणि मध्ये भगदाडं पडतात.

फाँटबद्दल थोडं. बऱ्याच थीमचे मूळ फाँट देवनागरी ओळखतच नाहीत. वर्डप्रेसच्या ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह या थीममधला मॅनरोप फाँट तसाच. मग फोन स्वतःचा फाँट वापरतो: अँड्रॉइडवर नोटो, विंडोजवर निर्मला. यात बिघडत काही नाही, उलट पान लवकर उघडतं. स्वतःचा फाँट लावायचाच असेल तर मजकुराला मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, पुस्तकी रूप हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. हा शेवटचा मराठी वळणांसाठीच केलेला आहे, पण त्यात ठळक वजन (अक्षराची जाडी) नाही. शीर्षकाला दुसरा घ्या. वर्डप्रेस ६.५ पासून फाँट लायब्ररी आली आहे. ब्लॉक थीम (सगळी साइट एडिटरमधूनच बदलता येणारी) असेल तर अपिअरन्स, एडिटर, स्टाइल्स, टायपोग्राफी या वाटेने फाँट थेट बसवता येतो. एक मजकुराला आणि एक शीर्षकाला, दोनच फाँट. प्रत्येक जादा वजन म्हणजे वाचकाच्या डेटावर भार.

वर्डप्रेसवर सुरुवात ट्वेंटी ट्वेंटी-फोर, ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह किंवा जनरेटप्रेसने करा. जनरेटप्रेस हलकी आहे आणि स्वतःचा फाँट लादत नाही. अस्त्रा आणि केडन्सही चांगल्या, फक्त त्यांचे तयार नमुने बसवताना सोबत दोन-तीन प्लगइन (जादा सोयींचे जोड) येतात. नको असलेली काढून टाका. थीम डिरेक्टरीत थीमच्या पानावर ‘शेवटचं अपडेट’ बघा. वर्षभर हात न लागलेली घेऊ नका.

ब्लॉगरवर त्याच्याच थीम वापरा. लेख वाचायला सिंपल किंवा नोटेबल, फोटो जास्त असतील तर कॉन्टेम्पो. डायनॅमिक व्ह्यूज टाळा, साध्या फोनवर जड जाते. बाहेरच्या फुकट एक्सएमएल थीममध्ये तळाशी बनवणाऱ्याची लिंक असते आणि ती काढली तर काही थीम वाचकाला भलत्याच साइटवर नेतात, कारण तो कोड गुप्त स्वरूपात आत दडवलेला असतो. वर्डप्रेसच्या ‘फुकटात प्रीमियम’ म्हणून टेलिग्रामवर फिरणाऱ्या थीमही याच जातीच्या. त्यांना हात लावू नका.

सरकते फोटो, पान उघडताना फिरणारं चक्र, सात विजेटांची (छोट्या चौकटींची) बाजूपट्टी, यांतलं काहीही सुरुवातीला नको. गेरीचा फोनवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो रुंदीला १,२०० पिक्सेल करून स्क्वूशसारख्या फुकट साधनाने वेबपी या हलक्या प्रकारात काढला तर दोनशे केबीच्या आसपास येतो आणि गुलाल तितकाच उठून दिसतो. सगळं बसवून झाल्यावर गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये ‘मोबाइल’चा निकाल बघा; आकडा लाल पट्ट्यात असेल तर आधी फोटो तपासा, मग प्लगइन, थीम शेवटी.

टायपिंग

जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्डमध्ये) हिंदीशिवाय मराठी कीबोर्ड वेगळा जोडा. बोलून लिहिण्याची भाषाही ‘मराठी (भारत)’ अशी स्वतंत्र निवडावी लागते, नाहीतर ‘आहे’चं ‘है’ होतं. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, रोमन अक्षरं दाबत मराठी उमटतं.

दुकानातून टाइप करून आणताना ‘युनिकोडमध्ये हवं, फाँट मंगल किंवा निर्मला’ असं सांगा. आपल्याकडे अनेक दुकानांत अजून कृतिदेव हा जुना, युनिकोड नसलेला फाँट चालतो. त्या फाइलमध्ये अक्षरं मुळात रोमन असतात, फाँटमुळे देवनागरी दिसतात. ब्लॉगवर चिकटवली की खिचडी होते. जुनं लिखाण कृतिदेवमध्ये किंवा श्रीलिपीत असेल तर कन्व्हर्टरमधून काढा, पण पुढे ळ, ऱ्य, ॲ आणि रफार एकेक करून तपासा. ‘बाळ’चा ‘बाल’ झालेला संगणकाला चूक वाटत नाही.

थीम बदलण्याआधी

कधी ना कधी थीम बदलावीशी वाटेलच. लेख आणि फोटो जात नाहीत. मेनू, विजेट आणि रंग-फाँटचे बदल मात्र जाऊ शकतात. ब्लॉगरमध्ये थीमच्या पानावर ‘बॅकअप’ करून एक्सएमएल फाइल उतरवा, आणि सेटिंगमधून लेखांचा बॅकअप वेगळा घ्या. या दोन स्वतंत्र फाइली आहेत. वर्डप्रेसमध्ये अपड्राफ्टप्लससारख्या प्लगइनने डेटाबेस आणि अपलोडचा फोल्डर दोन्ही उतरवा, कारण टूल्समधल्या ‘एक्स्पोर्ट’ने फक्त मजकूर येतो, फोटो येत नाहीत. बॅकअप होस्टिंगवरच ठेवू नका, गूगल ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. मग ‘लाइव्ह प्रिव्ह्यू’मध्ये नवी थीम उघडून वरचा आजीचा परिच्छेद पुन्हा तपासा, आणि बदल रात्री उशिरा करा, वाचक कमी असताना. सकाळी फोनवरून मुखपृष्ठ, एक जुना लेख, एक नवा लेख आणि प्रतिक्रियेचा रकाना अशी चार ठिकाणं उघडून बघितली की झालं.